पडणे : प्रथमपुरुष, भूतकाळ

दुसऱ्या वर्षाला क्षेत्रकार्याचे चार क्रेडिट.
माझ्या वाट्याला आलं झेमो आल्वानी,
तिबिलिसीहून मिनीबसनं अडीच तास,
मांडीवर शेजारणीची कांद्यांची पिशवी,
खिशात रेकॉर्डर, सहा सेल
आणि दोनशे वाक्यांची यादी,
जिच्यात माणसं सारखी काहीतरी देतात, मारतात, पडतात
आणि कुणालाच कुठे लागत नाही.

लिआना बाईंनी बजावलं होतं :
बात्सबी बोलणारे थोडे उरलेत, म्हणून घाई करू नकोस.
आणि चहाला नाही म्हणू नकोस.

शेते म्हणजे सत्तरी ओलांडलेला मेंढपाळ,
एक दात सोन्याचा, पायात घरच्या लोकरीचे मोजे.
सून मारेखी विचारते, टीव्ही बंद करू?
तो म्हणतो, चालू दे. नुसता आवाज घालव.

वाक्य एकतीस. मेंढी पाणी पिते.
"कोणती?"
कोणतीही.
"कोणतीही मेंढी पाणी पीत नाही, पोरी.
पिते ती एक असते."
मी समासात लिहून घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

वाक्य एकशे बारा. मी पडलो.
"कसा?"
हे मला ठाऊक होतं. पान चौसष्ट,
परीक्षेला हमखास येतं :
बर्फावरून पाय सरकला तर 'सो', साधा मी,
ज्याच्या अंगावर पडणं येऊन पडतं.
आणि घाई आपली, दारू आपली, चूक आपली असेल
तर 'अस', करणारा मी. म्यां.
मी पडलो. म्यां पडलो.
तक्त्यात दोन शेजारचे चौकोन.

पहिलं त्यानं सहज दिलं,
अक्रोड फोडून हातावर ठेवावा तसं. तीनदा.
दुसऱ्याला थांबला.
पडद्यावर मुकं फुटबॉल चालू होतं.

हकिकत मला मारेखीकडून आधीच कळली होती, फाटकाशी, हळू आवाजात :
ऑक्टोबर, आबानोची खिंड,
कळप पुढे उतरून गेलेला,
मागून ट्रक, ट्रकमध्ये चीज,
चाकावर शेते, शेजारी धाकटा भाऊ इमेदा.
रस्ता खचलेला होता म्हणे.
ट्रक घसरला म्हणे.
आमच्या जॉर्जियनमध्ये डोळ्यांनी न पाहिलेल्यासाठी
क्रियापदाची एक अख्खी माळ आहे,
गाव तीस वर्षं तीच माळ ओढतंय,
मायेनं, त्याच्यासाठी.

शेतेनं कप बशीवर पालथा घातला.
"एकशे बारा," म्हणाला. "दुसरं."

अस.

म्यां पडलो.

मारेखीला बात्सबी येत नाही,
तिनंच सांगितलं होतं मला.
तरी कढईतला झारा थांबला.

"आणि 'तो पडला' ह्याला एकच रूप,"
त्यानं आपणहून भर घातली, शिक्षकासारखी.
"त्याला विचारता येत नाही ना,
चूक कुणाची ते."

मग रेकॉर्डरच्या लाल ठिपक्याकडे बघून :
"परत म्हणू? मशीनसाठी?"
नियम तसाच आहे. प्रत्येक वाक्य तीनदा.
मी म्हटलं, नको.
एकशे तेरा. कुत्रा भुंकतो.
तो हसला, सोन्याचा दात दिसला,
आणि कोणता कुत्रा ते काही त्यानं विचारलं नाही.

जूनमध्ये वही परत आली.
एकशे बाराखाली मी सगळं नीट फोडून मांडलं होतं :
पडणे, प्रथमपुरुष, एकवचन, भूतकाळ, कर्तृत्व स्वतःकडे.
लिआना बाईंच्या लाल पेनानं बाजूला :
उच्चार एकच? उरलेले दोन कुठे?

बाई, राहून गेले, मी म्हटलं.
बाहेर जिन्यावर येऊन वाक्य दुरुस्त केलं :
म्यां राहू दिले.